काळीनं खुराड्यात अंडं दिलं त्या दिवशी

हातातला कप आधी खाली ठेवा. मंग ठसका लागला तर मले बोल लावसान! माही अशी फजिती झाली बाप्पा, का दुश्मनाचीही होऊ नये. आन केली कोणी? म्हणायले एका कोंबडीनं. खरं सांगू? मीच केली.

माह्या भावानं मले चार-पाच गावरान कोंबड्या दिल्या. दिवसभर मोकळ्या फिरत, किडे वेचत, संध्याकाळी गुपचूप खुराड्यात येत. गुणाच्या पोरी! फक्त अंडं खुराड्यात देत नव्हत्या. सिमेंटच्या गोणीवर देतीन, लाकडाच्या ढिगात देतीन, आमच्या ह्यांच्या हेल्मेटात देतीन. एकदा ह्यांनी न पाहता हेल्मेट डोक्यात घातलं. पुढचं मी सांगत नाही.

शेजारच्या दीदी तर पक्क्या शाकाहारी, लसणालेही हात नाही लावत. एक दिवस कुंपणावरून ओरडल्या, "भाभीजी! आपकी काली मुर्गी हमारी धुली हुई चादर पर अंडा देकर बैठी है! उठाइए, हम तो छुएँगे भी नहीं!"

"दीदी, मुर्गी को उठाऊँ कि अंडे को?"

"दोनों को! और चादर भी ले जाइए!"

ती चादर अजून आमच्याच घरी हाये.

मी भावाले फोन लावला. तो म्हणे, "ताई, सकाळी सोडायची घाई नको करू. अंडं सकाळीच देतात त्या. ऊन चढंपर्यंत कोंडून ठेव. अंधाऱ्या कोपऱ्यात टोपलं ठेव, धानाचं तणस टाक. एकदा तिथं द्यायची सवय लागली का लागली."

आमचे हे खदानीतून रिटायर झालेले. काम पाहिजेच होतं. जुन्या फळ्या ठोकून वाकून आत जाता येईन एवढं खुराडं केलं, आन दाराले अशी कडी बसवली का दार लोटलं का आपोआप पडे. उघडे फक्त बाहेरून. "आता वाघ कोंडला तरी निघत नाही," म्हणाले.

बाकीच्या कोंबड्या सुधरल्या बाई! पण काळी? ती अंडं पोटात धरून बसे आन दार उघडलं का पहिले कुंपणावर. मीही हट्टाले पेटली. तू का मी!

आता ऐका. त्याच दिवसात आमच्या विशालचं लग्न जमून राह्यलं होतं. पोरगा-पोरगी पसंत होते, फक्त परसवाड्याहून पोरीकडचे घर पाहायले येणार होते. दुपारी येतो म्हणाले होते. म्हणून सकाळी मी निवांत. अंगात जुनी मॅक्सी, डोक्याले टॉवेल. हे जिलबी आणायले गेले. मी बाकीच्या कोंबड्या सोडल्या, काळीले आतच ठेवलं आन तणस सारखं करायले स्वतः आत शिरली.

मागं दार लोटलं गेलं. खट्!

हाक मारायले तोंड उघडलं, तं बाहेर जीप थांबली. पाहुणे! दुपारचे पाहुणे सकाळीच! पोरीचे माय-बाप आन काठी टेकत तिची आजी. तेवढ्यात हेही जिलबी घेऊन पोहचले, आन पाहुण्याइले बसवलं कुठं? अंगणात, पेरूखाली. खुराड्याच्या ऐन समोर!

सांगा, आता अशा मॅक्सीत, डोक्यात तणस, कोंबड्याच्या खुराड्यातून "या, बसा" कशी म्हणू? मी चूप. काळी माह्याकडे पाहे, मी काळीकडे.

पोरीच्या मायनं विचारलं, "विशालच्या आई दिसत नाहीत?"

"असन इथंच कुठंतरी," हे म्हणाले. "मोबाईल तं घरातच वाजून राह्यला. कोणाशी गप्पा हाणत बसली असन."

"स्वभावानं कशा हायेत? आमची पोरगी कमी बोलते, म्हणून विचारलं."

आन आमचे हे! आयुष्यात कधी खरं बोलले नाहीत, ते नेमके तवाच बोलले. "मनानं सोनं हाये हो. फक्त तोंड थांबत नाही. रेडिओले तरी बटन असते!"

फळीच्या फटीतून मले दिसलं, पोरीच्या मायचा चेहरा उतरला. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्यानं जिलबी खाली ठेवली. गेलं! पोराचं जमलेलं लग्न माह्या डोळ्यासमोर मोडून राह्यलं, आन मी टॉवेलचा बोळा तोंडात कोंबून बसलेली. राग असा का फळ्या तोडून बाहेर यावं!

तेवढ्यात काळी उठली. टोपल्यात गेली. दोन गोल चकरा मारल्या, बसली, फुगली... आन दिलं! पांढरं, गरम, टोपल्यात, खुराड्यात!

मंग मले कशाचं भान राहते? टॉवेल थुंकला आन ओरडली, "दिलं! दिलं वो! खुराड्यातच दिलं!"

ह्यांच्या हातातला पाण्याचा लोटा पडला. कोणीच हालेना. शेवटी आजीच काठी टेकत आली आन तिनं कडी काढली. मी वाकून बाहेर आली. एका हातात अंडं, कडेले काळी. म्हणलं, "या, बसा. चहा घेसान ना?"

आजीनं मले वरून खालपर्यंत पाहिलं. "बाई, कधीपासून आत हाये?"

"तुमची जीप आली तवापासून."

"मंग ते रेडिओचं ऐकलं?"

"हौ."

"आन चूप बसली?"

"हौ, आजी."

आजी आपल्या सुनेकडे, पोरीच्या मायकडे वळली. "होकार दे वो. नवरा चारचौघात असं बोलला तरी जी बाई चूप बसते, तिच्या घरी आपली पोरगी सुखात राहीन."

लग्न धूमधडाक्यात झालं. काळीही आता रोज टोपल्यातच देते.

परवा माही सून फोनवर आजीशी हळूच बोलून राह्यली होती. मी काही मुद्दाम ऐकलं नाही, दाराआड उभी होती एवढंच. म्हणे, "आजी, तू पाहिलं तवाच काय त्या चूप होत्या. तवापासून मी वाट पाहून राह्यली!"