परबला थंडी वाजायची नाही

अल खोरला आमच्या कंपाउंडमध्ये राहणारी नेहा नवऱ्यासोबत कॅनडाला निघाली आहे. मूळची नाशिकची, पण कतारच्या उन्हात इतकी मुरलेली की जानेवारीतल्या पंधरा डिग्रीलाही स्वेटर चढवते. परवा चहाला आली. म्हणाली, "काका, तुम्ही फौजेत असताना बर्फात राहिलात ना? सवय कशी करायची, सांगा की."

मी इथे एका ठेकेदाराकडे सेफ्टी सुपरवायझर आहे. सूचना देणं हा माझा धंदाच. सांगितलं: अंगाला घाम येऊ द्यायचा नाही. ओला मोजा पायात ठेवायचा नाही. चालताना घाई करायची नाही. सांगता सांगता लक्षात आलं की यातलं माझं काहीच नाही, सगळं परबचं आहे. एवढ्या वर्षांनंतरही माझ्या पोटात दुखलं.

बटालियनला ग्लेशियरवर जायचा हुकूम आला तेव्हा मी आणि दत्ताराम परब, दोघंही नाईक होतो. मी साताऱ्याच्या डोंगरातला. कडे चढण्यात माझा हात धरणारा कंपनीत कोणी नव्हता. परब वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरचा, थंडी म्हणजे त्याच्या लेखी पहाटे एक चादर जास्त. मी मनात म्हटलं, हा आठवड्याभरात आजारी पडून खाली जाणार.

झालं भलतंच. विरळ हवेची सवय व्हावी म्हणून वर टप्प्याटप्प्याने नेतात. पहिल्याच टप्प्यावर माझं डोकं फुटायची वेळ आली. जेवण समोर आलं की उलटी. परब माझ्या वाटचे टिनमधले मासेसुद्धा खाऊन घोरत पडायचा. डॉक्टरसाहेब तपासायला आले की त्याच्या पाठीवर थाप मारायचे आणि माझ्याकडे बघून म्हणायचे, "एक दिन और." मला तो डोळ्यांसमोर नकोसा व्हायचा.

चढताना मी डोंगरातल्या सवयीने गुडघे उचलून भराभर जायचो. बनियन घामाने भिजायचं आणि थांबलो की पाठीवरच गोठायचं. परब मागून सावकाश यायचा आणि पुढे निघून जायचा.

"जगताप, पाय कशाक आपटतस? पुळणीवर चालतत तसो चाल."

पुळण म्हणजे समुद्रकाठची वाळू. लहानपणापासून वाळू तुडवलेला माणूस, बर्फावरही तो तसंच सपाट पाऊल टाकायचा. मी ऐकलं नाही असं दाखवलं आणि तो लांब गेल्यावर तसंच चालून पाहिलं. जमलं. त्याचाही राग आला.

एका दोराला पाच जण बांधलेले असतात. नंबर वन पुढे, काठीने बर्फ चाचपत जातो आणि बाकीचे त्याच्या पावलावर पाऊल टाकतात. बर्फात खोल भेगा असतात, क्रेव्हास. त्यांच्यावर ताज्या बर्फाचं झाकण बसतं, वरून काही कळत नाही. म्हणून नंबर वनला मान मोठा. मला तो हवा होता. नोकरीत दुसरं काही इतकं हवंसं वाटलं नाही.

सुभेदारसाहेबांनी नावं वाचली. "परब, नंबर वन. जगताप, नंबर टू."

"साहेब, मीपण फिट आहे."

"नंबर टू."

सकाळी सहाला रॉकेलचे कॅन घेऊन पुढच्या पोस्टकडे निघालो. वारा तोंड वर करू देत नव्हता. निम्म्या वाटेवर पुढचा परब दिसेनासा झाला. ओरडला नाही. दोराचा हिसका बसला, मी पालथा पडलो आणि आइस अॅक्स बर्फात रोवली. मागच्या तिघांनीही रोवल्या. दोर थांबला. शेवटच्याने रेडिओ उघडला.

"नंबर वन क्रेव्हासमध्ये. ओव्हर."

"जिवंत?"

"थांबा."

मी हाक मारली. "परब!"

खालून आवाज आला, नेहमीसारखा. "आसंय रे. घाबरू नको. हय वारो नाय. वरच्यापेक्षा बरां आसा."

दोर माझ्या कमरेत रुतला होता, गाल बर्फाला चिकटला होता, वाऱ्याने डोळे उघडत नव्हते. खरं सांगतो, त्या क्षणीही मला त्याचा हेवा वाटला. पडला तोसुद्धा चांगल्या जागी.

"जिवंत आहे," मी ओरडलो.

"रेस्क्यू पार्टी निघाली. होल्ड करा. आऊट."

आम्ही होल्ड केलं. पार्टी पोचायच्या आत भेगेची कड तुटली आणि सगळा बर्फ त्याच्यावर गेला. दोर ताठ राहिला. मी हाका मारत राहिलो. दुपारी त्याला वर काढलं. नर्सिंग असिस्टंटने नाडी पाहिली, पुन्हा पाहिली, आणि मान हलवली.

दुसऱ्या दिवशी त्याच वाटेने रॉकेल पोचवायचं होतं. सुभेदारसाहेब म्हणाले, "जगताप, नंबर वन." मी "जी साहेब" म्हणालो आणि पुढे उभा राहिलो. सबंध वाट मी पुळणीवर चालल्यासारखा चाललो.

सुट्टीत वेंगुर्ल्याला गेलो. परबचे वडील ओटीवर बसले होते. मी त्यांच्या शेजारी टेकलो. मग त्यांनी विचारलं, "तेका थंडी खूप लागली काय रे, झिला?"

"नाही बाबा," मी म्हणालो. "तो म्हणाला, इथं वारा नाही."

म्हातारा समुद्राकडे बघत राहिला.

"मगे बरां," म्हणाला.