बिनपाण्याचा बर्फ

आमच्या मालकांना सगळा उस्मानपुरा मोहल्ला कडूबा म्हणायचा. विकायचे गोड अन् नाव कडूबा, म्हणून पोरं चिडवायची. पोलीस ॲक्शननंतर लासूर स्टेशन हे आपलं गाव सोडून शहरात आले, एका आईस्क्रीमवाल्याच्या हाताखाली राहिले अन् मग सोताचा गाडा लावला. लाकडी बादली, मधी डबा, भोवती बर्फ अन् खडेमीठ. दिवसभर दांडा फिरवायचा.

स्वभाव मात्र लई किरकिरा! गिऱ्हाईक चुकून "कुल्फी द्या" म्हणलं की सुरू. "आटवलेलं दूध न फिरवता गोठवलं ती कुल्फी. फिरवत गोठवलं ते आईस्क्रीम. किसलेल्या बर्फावर रंग ओतला तो गोळा. अन् नुसत्या फळाचा रस फिरवला तर रसाचा बर्फ. त्यात दूध नाय, पाणी नाय." मी म्हणायची, "अहो, खाणाऱ्याला गार लागलं म्हंजे झालं!" तर माझ्यावरच डाफरायचे.

माझे आप्पा देवगाव रंगारीचे. आमच्यात लेकीला लेकरू होईस्तोवर बाप तिच्या घरचं पाणीसुद्धा पीत नाय. मला लेकरू झालंच नाय. आप्पा यायचे, ओसरीवर बसून आपली शिदोरी खायचे, आपल्याच तांब्यातलं पाणी प्यायचे अन् निघायचे. ते गेल्यावर मी चुलीपुढं बसून रडायची.

एका चैत्रात आपल्या बागेतली मोसंबी घेऊन आले अन् म्हणाले, "आशे, गुडघे गेले आता. पुन्हा येणं व्हायचं नाय."

मालकांनी ते ऐकलं. तसेच मोसंबी पिळायला बसले. मी साखर आणली तर हात आडवा केला. "साखर आपल्या घरची हाय."

"मग थोडं दूध तरी घाला."

"मोसंबीत दूध? फाटंल की! अन् दूध तरी कुणाच्या घरचं?"

बिनसाखरेचा रस दगडावानी गोठतो. म्हणून मालकांनी दांडा थांबवला नाय, घडीघडी झाकण उघडून कडा खरवडल्या. तळहाताला फोड आले. शेवटी आप्पांच्याच शिदोरीच्या डब्याच्या झाकणात वाढलं.

"मामा, झाड तुमचं, फळ तुमचं, भांडं तुमचं. आमचा बर्फ डब्याच्या बाहेरच राहिला. आमच्या घरचं ह्यात काय बी नाय."

आप्पांनी घास घेतला. "आंबट हाय," म्हणाले. पण खात राहिले. मग त्यांचं लक्ष मालकांच्या हाताकडं गेलं.

"जावईबापू, एवढं कशापायी?"

"हिला तुम्हाला इथं खाताना बघायचं व्हतं."

आप्पांनी झाकण चाटूनपुसून रिकामं केलं. मी त्यांचा तांब्या पुढं सरकवला, तर त्यांनी तो बाजूला ठेवला.

"ह्यातलं नको, आशे. तुझ्या रांजणातलं आण."

मी आत पळाले. डोळे पुसू का पाणी भरू, कायच कळंना.