राखीचं रक्त, अन्नपूर्णाची वांगी

पिंपळगाव राजाच्या खालच्या मळ्यात अन्नपूर्णाची वांगी पिकतात. काटेरी, जांभळी, देठापाशी पांढुरकी. अशी वांगी आसपासच्या गावांत होत नाहीत, हे मी या गावचा म्हणून म्हणत नाही. बाजाराच्या दिवशी तिची टोपली सगळ्यांच्या आधी रिकामी होते. पण तिला विचारलं तर ती सांगायची, वांगी प्रज्वलसाठी लावते, उरली की विकते.

प्रज्वल तिचा धाकटा भाऊ. तो जन्मला तेव्हा आईनं अंथरूण धरलं, ते सोडलंच नाही. कोवळ्या अन्नपूर्णानं शाळा सोडली आणि भावाला कडेवर घेतलं. लग्नाच्या वेळीही तिनं गावातलंच स्थळ धरलं. माहेर आणि सासर यांच्यामध्ये एक बोळ. मधली बहीण राखी. ती नाजूक. वांगं चिरलं तर तिच्या हातांना खाज सुटायची, खाल्लं तर ओठ सुजायचे. "सोंगं करते कामाच्या भेवानं," अन्नपूर्णा म्हणायची. राखी लग्न होऊन लोणारकडच्या सुलतानपूरला गेली, तेव्हा भावात आता कोणी वाटेकरी उरला नाही, म्हणून अन्नपूर्णाला आतून बरंच वाटलं.

मग ऐन पंचविशीत प्रज्वल आजारी पडला. अंगावर निळे डाग, हिरड्यांतून रक्त. मोठ्या शहरातल्या दवाखान्यात कळलं, त्याच्या अस्थिमज्जेनं, म्हणजे हाडांच्या पोकळीतल्या गरानं, रक्त तयार करणंच सोडलं आहे. सख्ख्या भावंडाचा गर जुळला तर पोरगा वाचेल. दोघी बहिणींचं रक्त तपासायला गेलं. निकालाच्या दिवशी अन्नपूर्णा पेटीतलं नवं लुगडं नेसून गेली. जुळणार ते आपलंच, यात तिला शंका नव्हती. ज्यानं वाढवलं त्याचं रक्त ओळख देणारच, असं आमच्याकडे सगळेच धरून चालतात.

जुळलं राखीचं. पूर्ण जुळलं. अन्नपूर्णाचं अर्धंच.

"पुन्हा पाहा ना डॉक्टरसाहेब. माह्यं काऊन नाही जुळलं? मी त्याले कडेवर वाढवलं. हिनं त्याचं एक दुपटं धुतलं नाही."

डॉक्टर तरुण होते, पण उतावीळ नव्हते. "ताई, आपल्या पेशींवर एक प्रथिन असतं. एचएलए म्हणतात त्याला. आपलं कोण आणि परकं कोण, हे शरीरातले पहारेकरी त्याच्यावरून ओळखतात. ते बनवणारी जनुकं अर्धी आईकडून येतात, अर्धी वडिलांकडून. कुणाच्या वाट्याला कोणती आली, ते जन्माच्या आधीच ठरतं."

"म्हणजे माह्या वाढवण्याचा काईच उपयोग नाही?"

"या कामात नाही," ते म्हणाले.

बाहेर बाकड्यावर राखी रडत बसली होती. "ताई, मले भेव लागते. आन सासूबाईचं खुब्याचं हाड मोडलं. घरी दुसरं बाईमाणूस नाही. मी इथं राह्यली तर त्यायले कोण उठवीन, कोण बसवीन? घरचे नाही म्हणून राह्यले."

अन्नपूर्णा तिच्या मनगटाकडे पाहत राहिली. गोरं मनगट, निळ्या शिरा. त्या शिरांत जे वाहत होतं ते तिला स्वतःच्या अंगात हवं होतं, आणि ते मागून मिळणारं नव्हतं.

"मी जाते सुलतानपूरले," ती म्हणाली. "तुह्या सासूचं मी पाहीन. तू राह्य त्याच्यापाशी."

"तू? माह्या घरी?"

"आता जास्त बोलू नको वं. मन फिरन माह्यं."

अशी ती, जिला भावाच्या उशाशी बसायचं होतं, सुलतानपुरात बहिणीच्या सासूच्या, सोजराबाईंच्या, उशाशी बसली. त्यांना अंघोळ घालायची, त्यांच्यासाठी भाकरी कुस्करायची. सोजराबाईंची जीभ मात्र ठणठणीत होती.

"माही सून भावाले जीवदान देऊन राह्यली. अशी लाखात एक असते, बाई."

"चारात एक," अन्नपूर्णा म्हणायची. "चौघांत एकाचं जुळतेच. डॉक्टरनंच सांगतलं."

एकदा राखीनं फोनवर प्रज्वलचा चेहरा दाखवला. केस गेलेले, तोंडावर मास्क. पण डोळे हसत होते. "ताई, आता माहा रक्तगटबी राखीताईचाच होईन म्हणते डॉक्टर!"

अन्नपूर्णानं फोन सोजराबाईंच्या हातात दिला आणि म्हशीला चारा टाकायला गेली. चारा आधीच टाकलेला होता.

प्रज्वल वाचला. गावी आल्यावरही कित्येक महिने त्याचं पथ्य चाललं. ज्या दिवशी डॉक्टरांनी सगळं खायला मोकळीक दिली, त्या दिवशी तिनं मळ्यातली कोवळी वांगी भरून शिजवली आणि ताट घेऊन बोळ ओलांडला. दुसऱ्याच घासाला प्रज्वल थांबला. ओठ खाजवू लागला. बघता बघता ते सुजले. खामगावला नेऊन इंजेक्शन द्यावं लागलं. मोठ्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, असं कधी कधी होतं. देणाऱ्याला जे सोसत नाही, ते घेणाऱ्यालाही सोसेनासं होतं.

"माह्यं वांगंबी घेतलं तिनं," अन्नपूर्णा एवढंच म्हणाली.

दोन-तीन दिवस ती मळ्याकडे फिरकली नाही. मग एका सकाळी मळ्यात गेली आणि फळानं लगडलेली अर्धी झाडं उपटून बांधावर टाकली. मातीच्या हातांनीच तिनं फोन लावला.

"राखी, तुले कोणती भाजी सोसते?"

इतक्या वर्षांत राखीला हे कोणी माहेरून विचारलं नव्हतं. "काऊन वं ताई? मले भेटाले येऊन राह्यली का?"

"तुह्यासाठी नाही विचारत. त्याच्यासाठी विचारून राह्यली. सांग लवकर."

"दोडका," राखी म्हणाली. "आन शिरा जास्त तासू नको. तशीच गोड लागते."

अन्नपूर्णाला दोडका कधीच आवडला नव्हता. तिनं फोन पदराला पुसला, शेजारच्या मळ्यातून दोडक्याचं बी मागून आणलं, मोकळ्या झालेल्या सरीत बसली आणि बोटानं माती उकरून ते टोचू लागली.