मामूंनी गाव सांगितलं

मामूंना कुणी खरं नाव विचारलं, की त्याने आपल्या खिशात हात घातला असावा तसे ते त्याच्याकडे बघत. खेडच्या स्टँडमागे त्यांचं सायबर कॅफे होतं. अर्धं आयुष्य जहाजावर बिनतारी यंत्रापाशी गेलेलं. दोन हजार सहा-सातच्या सुमाराला मी शाळेत शिकवायचे आणि मेल बघायला त्यांच्याकडे जायचे. प्रत्येक कॅमेऱ्यावर त्यांनी जखमेची चिकटपट्टी लावलेली. आखातातल्या नवऱ्याशी बोलायला आलेल्या बायका ती काढायच्या, त्या उठल्या की मामू तीच पुन्हा लावायचे.

"बाई, शोधून सापडतं ते वरवरचं," ते सांगत. "तुमची मेल, बँकेची खाती, इस्पितळाचे कागद, सगलं त्याच्या खाली हाय. त्यात भ्यायचं काय नाय. पण त्याच्याही खाली जायला वेगला प्रोग्राम लागतो. तिकडं जो तो तोंड झाकून बसलेला. आपनही झाकायचं. नाव द्यायचं नाय, फाईल उतरवायची नाय, कुणी गोड बोलला की उठायचं."

एवढी धास्ती, तर जाता कशाला, असं मी एकदा चिडवलं. मामू हसले नाहीत. त्यांचा भाचा सलीम आखातात कामाला होता. मालकाने पासपोर्ट दाबून ठेवला, मारहाण केली, म्हणून तो पळून कुठेतरी लपला होता. फोन केला तर माग लागेल. त्यामुळे तिकडच्याच एका झाकलेल्या फळ्यावर, म्हणजे कुणीही निनावी निरोप लिहावा अशा पानावर, तो खोट्या नावाने खुशालीची ओळ टाकायचा, आणि मामू ती त्याच्या आईला सांगायला गावी जायचे.

एके दिवशी त्या फळ्यावर कुणीतरी मामूंना आपल्या बोलीत लिहिलं, "भावा, गाव कुठला?"

कोकणातल्या माणसाला हा प्रश्न विचारला की उत्तर रोखता येत नाही. एसटीत शेजारी बसलेल्यालाही आपण गाव, मोहल्ला, कुणाचा कोण, सारं सांगून मोकळे होतो. परक्या काळोखात आपली बोली दिसली आणि मामू विरघळले. गाव सांगितलं. बहिणीचं घर मशिदीच्या मागे, तेही सांगितलं.

आठवड्याभरात फळ्यावर एक फोटो आला. बहिणीच्या दाराचा. ती उंबऱ्यावर मासे साफ करत बसलेली, आपला फोटो कुणी काढतंय याचा तिला पत्ताच नव्हता. मामूंनी मला हाक मारून तो दाखवला. फोटोखाली सलीमची ओळ होती: "मामू, आईला कुणी हात लावू नये. मी मालकाकडे परत जातो."

त्यानंतर त्याची ओळ आली नाही. वकिलातीला, पोलिसांना मामूंनी किती अर्ज केले, उपयोग झाला नाही. बहिणीला ते एवढंच म्हणाले की तिकडची लाईन बंद आहे. मग कॅफे विकलं, अंथरूण धरलं, आणि गेले.

मला मामूंचा अजून राग येतो, आणि डोळेही भरून येतात. त्यांची बहीण बाजारात भेटली की विचारते, "बाई, आता लाईन कुणाकडं चालू हाय?"

मी माहीत नाही म्हणते, आणि तिच्या हातातली पिशवी घेऊन स्टँडपर्यंत सोबत जाते.