संध्याकाळी घरी येणारा

वधू-वर सूचक केंद्रातल्या बाईंनी चष्मा खाली ओढून विचारलं, "मुलगी कोण?"

आईनं वहिनीकडे बोट दाखवलं. "ही."

"आणि आपण?"

"सासू."

सदाशिव पेठेत सहसा कोणी कशानं गप्प होत नाही. त्या बाई झाल्या.

माझा दादा सैन्यात होता. सीमेवरच्या लढाईत तो गेला तेव्हा वहिनी चोवीस वर्षांची होती आणि लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. माहेरी न जाता ती विश्रांतवाडीला आमच्याकडेच राहिली, कॉम्प्युटरचा कोर्स केला, कंपनीत लागली. चार वर्षांनी आईच तिला म्हणाली, "आता लग्न कर." वहिनी रडायला लागली. "मला घालवताय का, आई?"

"हो. फोटोला हार घालायला मी आहे की."

आमची आई अशीच. माया करायची तीही खेकसून.

केंद्रातल्या फॉर्मवर अपेक्षांचा रकाना होता. लोक तिथं शिक्षण, पगार, स्वतःचा फ्लॅट असलं काही लिहितात. "तुम्हीच लिहा," असं म्हणून वहिनीनं पेन आईकडे दिलं. आईनं लिहिलं, 'संध्याकाळी घरी येणारा असावा.'

बाईंनी ते वाचलं. "अहो, हल्ली सगळी मुलं सॉफ्टवेअरमधली. इथं संध्याकाळ झाली की अमेरिकेत ऑफिस उघडतं. असा मुलगा आणू कुठून?"

"शोधा," आई म्हणाली.

मला हसू आलं आणि लगेच दादा आठवला. दादा सुट्टीवर आला की दिवसभर मित्रांबरोबर उंडारायचा. तिन्हीसांजेला फाटकाची कडी वाजली की आई स्वयंपाकघरातूनच ओरडायची, "आलास? हात-पाय धू, जेवून घे." तो गेल्यावर हे वाक्य आमच्या घरात पुन्हा कोणी उच्चारलं नाही.

पहिली तीन स्थळं आईनं परतवली. चौथा मुलगा अमरावतीचा, इथं एकटाच राहणारा, आणि सॉफ्टवेअरमधलाच. तो येणार त्या दिवशी मी विचारलं, "दादाचा फोटो आत ठेवू का?"

"राहू दे. पटलं नाही तर पोहे खाऊन जाईल."

आईनं त्याला एकच प्रश्न विचारला. "घरी किती वाजता येता?"

तो जरा ओशाळला. "नऊ होतात. कधी दहासुद्धा. पण पोचलो की गावी आईला फोन करतो. नाही केला तर ती जेवत नाही."

आई उठून आत निघून गेली. बिनसलं, असं मला वाटलं. तर ती पोह्यांचं पातेलं घेऊन बाहेर आली आणि त्याची बशी पुन्हा भरली. वहिनी खाली मान घालून हसत होती. तिला तसं हसताना मी फार दिवसांनी पाहिलं.

पाठवणीच्या वेळी आई रडली नाही. घरी येऊन वहिनीचं रिकामं कपाट मात्र दोनदा पुसलं.

त्यांनी नवं घर मांडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी रात्री आम्ही दोघी ताटं घेत असताना फोन वाजला. आईनं उचलला. जावई इतक्या मोठ्यानं बोलत होते की मलाही ऐकू आलं.

"आई, घरी पोचलो."

आई रिसीव्हर कानाला लावून नुसती उभी राहिली. पलीकडून "हॅलो, हॅलो" सुरू झालं. मग ती म्हणाली, "आलास? हात-पाय धू, जेवून घे."