गोधड्यांच्या आड गायलेलं गाणं

परंड्यातल्या श्रोत्यांनो, पुस्तक न वाचताच प्रकाशनात तासभर बोलणाऱ्या पाहुण्यांनी आपल्याला लई पिडलंय. आज तो पाहुणा मीच होतो.

शेजारच्या सुमनकाकूंच्या अक्षयच्या इमो रॉक, म्हणजे मनातल्या भावना ओरडून गाणाऱ्या, बँडच्या पहिल्या अल्बमचं प्रकाशन होतं. न ऐकताच मी गरजलो, "ही बंडाची गाणी आहेत!" मग गाणं लागलं. अक्षय हंबरडा फोडून गात होता, "घरात मला कुणीच ओळखत नाही."

काकू म्हणाल्या, "भाऊ, आवाज घुमू नये म्हणून ह्यानं माझ्या गोधड्या भिंतीला टांगल्या, अन् आत हेच रडत होता व्हय? काय दुखतंय त्याला?"

अक्षय तर हसत पेढे वाटत होता!

गाण्याची लिंक खाली आहे. ऐका आणि काकूंना काय उत्तर देऊ, तेवढं लिहा.