माझ्या फॉर्मवर त्यांचा नंबर

"वाच गं, मोठ्यानं वाच," काका म्हणाले.

हॉलमध्ये पाहुणे बसले होते. मी चहाचा ट्रे घेऊन आले होते. काकांनी तो खाली ठेवायला लावला आणि एक कागद माझ्या हातात दिला. नर्सिंगच्या प्रवेशाची माहिती. सगळी इंग्रजीत. मी वाचायला लागले. 'डोमिसाइल'ला अडखळले, 'डोमिसिली' म्हणाले. पाहुणे हसले. काकू दारातून हसल्या.

"ही नर्स होणार," काका म्हणाले. "इंजेक्शन कुठं टोचंल सांगता येत नाय."

परत हसले. मी रिकामे कप गोळा केले आणि आत जाऊन विसळले.

मी कशेळ्याच्या वर, डोंगरातल्या वाडीतली. ठाकराची पोर. दहावीनंतरचं कॉलेज कर्जतला. वाडीतून तासभर उतरायचं, मग जीप. ती भरलेली असली की पहिला तास बुडाला. काका-काकू नात्यातले नव्हते; बा त्यांच्या शेतावर लावणीला, कापणीला जायचा. काका त्याला म्हणाले, पोरगी आमच्याकडं भिसेगावात राहू दे, कर्जत जवळच हाय, शिकंल. बा त्यांच्या पाया पडला.

दोन वर्षं राहिले. पाणी भरायचं, लादी पुसायची, मग कॉलेज. आल्यावर भांडी. मोलकरीण कुणी म्हणायचं नाही. "घरचीच हाय," म्हणायचे. घरची होते, पण हॉलमधल्या खुर्चीत कधी बसले नाही.

बारावी सायन्स झाले. नर्सिंगची प्रवेश परीक्षा दिली. पास झाले. पुढं ऑनलाइन फॉर्म. माझ्याकडे मोबाइल नव्हता.

"आमी भरतो," काका म्हणाले. "तुला काय कळतंय त्यातलं."

नंबर त्यांचा टाकला. ओटीपी त्यांच्याकडे, पासवर्ड त्यांच्याकडे. माझ्या जातीच्या दाखल्यासाठी बानं तहसीलला हेलपाटे घातले होते, रोजगार बुडवून. त्या दाखल्याचा काकांनी मोबाइलवर फोटो काढला, कागद कपाटात ठेवला. मला वाटलं, किती चांगली माणसं.

यादी लागली. मी विचारलं.

"नाय तुझं नाव. नशीब एकेकाचं."

"बरंच झालं की," काकू म्हणाल्या. "इथंच बी.ए. कर. घरातलं पण होईल."

मोरीत बसून रडले. दुसऱ्या दिवशी परीक्षेचं हॉलतिकीट घेऊन कॉलेजात गेले. तिथं प्रवेशाच्या मदतीसाठी एक मॅडम बसायच्या. त्यांनी हॉलतिकिटावरचा नंबर टाकला. स्क्रीनकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तुला मेसेज आले नाहीत?"

"कसले?"

"दाखल्याचा फोटो अस्पष्ट आहे, पुन्हा टाका म्हणून. तीन मेसेज गेलेत. मुदत होती. तू टाकलाच नाहीस, म्हणून अर्ज बाद झालाय."

"आता?"

"या वर्षी काही होत नाही आता."

त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. माझा फॉर्म मी पहिल्यांदा बघत होते. माझं नाव, बाचं नाव, वाडीचं नाव. खाली काकांचा नंबर.

घरी आले तेव्हा काका जेवायला बसले होते. मी भाताचं पातेलं घेऊन वाढायला उभी राहिले.

"काका, मेसेज आले होते?"

"रोज छप्पन येतात."

"माझ्या फॉर्मचे. तीन. तुम्ही वाचले?"

ते जेवत राहिले. काकूच बोलल्या.

"वाचले गं. पण तू गेलीस तर इथलं कोण बघणार? दोन वर्षं आमचंच खाल्लंस ना?"

चुकून राहिलं असतं तर मी मान्य केलं असतं. चुकून नव्हतं. मी पातेलं खाली ठेवलं.

"भात तुम्ही वाढून घ्या. माझे दाखले द्या."

"उद्या बघू," काका म्हणाले.

"आत्ता."

काकूंनी कपाट उघडलं. मी सगळे कागद मोजून घेतले आणि वाडीला निघाले.

बा माझ्यावरच चिडला. मोठी माणसं, त्यांना असं बोलायचं नाय म्हणाला. मी सगळं सांगितलं. तरी लावणीला त्यांच्याच शेतात गेला. दुसरं काम नव्हतं.

मी कशेळ्यात एका झेरॉक्सच्या दुकानात लागले. फॉर्म भरायचं काम. वर्षभरात सगळं शिकले. कुठला दाखला कुठून काढायचा, कुठला किती दिवस चालतो, अर्जात त्रुटी निघाली तर काय करायचं. स्वतःच्या आधारवर सिमकार्ड घेतलं. परीक्षा परत दिली. फॉर्म स्वतः भरला. यादी अजून लागायचीय. नाव असेल, नसेल. गेलेलं वर्ष कुणी परत देणार नाही.

गेल्या रविवारी काकांची गाडी वाडीत आली. शेजारची गंगी दहावी झालीय. तिच्या आईला ते सांगत होते, "पोरगी आमच्याकडं राहू दे. शिक्षणाचं आमी बघू." गंगीची पिशवी भरून तयार होती.

मी अंगणात उतरले.

"ती शिकेल. पण तुमच्या घरात राहून नाही."

ते हसले. "तुझं झालं का कुठं अॅडमिशन?"

"नाही झालं. तुम्ही होऊ दिलं नाहीत."

सगळी वाडी ऐकत होती. बासुद्धा. गंगीची आई माझ्याकडे बघे, परत काकांकडे बघे. काय करावं, तिला कळेना. तिच्या हातातली पिशवी मी काढून घेतली.

काका गाडीत बसले आणि गेले. परत येतील, मला माहीत आहे. दुसरं दार वाजवतील. पण या वाडीतली पोर त्या गाडीत बसणार नाही. बसायला निघालीच, तर मी चाकासमोर उभी राहीन.